माध्यमांची पदवी : एका गावाच्या नावावरून चार धडे

बारावीनंतर कोणत्या शाखेला जावे, या प्रश्नाची पूर्वी तीनच उत्तरे असत : कला, वाणिज्य आणि विज्ञान. आता त्यांत चौथे नाव वरचेवर ऐकू येते, ते म्हणजे माध्यमांची पदवी. कोणी त्यास पत्रकारिता म्हणतात, कोणी जनसंज्ञापन, तर कोणी नुसतेच 'मास मीडिया'. या पदवीविषयी आपल्या विद्यार्थिवर्गात दोन समजुती दृढ आहेत. ज्यास बोलता चांगले येते त्याने हा अभ्यासक्रम घ्यावा, ही पहिली. ज्यास दुसरे काही जमत नाही त्याने तो घ्यावा, ही दुसरी. दोन्ही समजुती सारख्याच चुकीच्या आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बातमी ही ज्यास ठाऊक आहे त्याच्याकडून ज्यास ठाऊक नाही त्याच्याकडे जाते. या प्रवासात तिचे काय होते, तिच्यात काय मिसळते आणि काय गळून पडते, याचे शास्त्र म्हणजे माध्यमांचा अभ्यास होय. हे शास्त्र समजावून घेण्यासाठी दिल्ली-मुंबईची उदाहरणे घेण्याचे कारण नाही. गोव्यातील सुर्ला हे एक नाव पुरेसे आहे. त्या नावावरून या पदवीचे चार मुख्य धडे कसे निघतात, ते क्रमाने पाहू. तत्पूर्वी या शिक्षणाचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

या पदवीची वाटचाल

आपल्याकडे पत्रकार हा दीर्घकाळ छापखान्यातच घडत असे. मुद्रिते तपासता तपासता उपसंपादक आणि उपसंपादकी करता करता संपादक, अशी ती पायरी होती. विद्यापीठीय शिक्षणाचा आरंभ १९४१ साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात झाला. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात नाडिग कृष्णमूर्ती यांनी, तर १९५२ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात रोलंड वूल्झली या अमेरिकन प्राध्यापकांनी या विषयाचे अध्यापन सुरू केले. म्हणजे कन्नड आणि मराठी या दोन्ही प्रदेशांत हे रोप जवळजवळ एकाच वेळी लागले. पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग १९६४ सालचा. तो रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत चालत असल्यामुळे त्याच नावाने सर्वत्र परिचित झाला. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली.

मुंबई विद्यापीठाने पुढे 'बॅचलर ऑफ मास मीडिया' ही तीन वर्षांची पदवी काढली. पहिली दोन वर्षे सर्वांना समान विषय आणि तिसऱ्या वर्षी पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एकाची निवड, अशी तिची रचना होती. २०१९-२० पासून तिचे नाव बदलून ती 'बीएएमएमसी' झाली. कर्नाटकातील अनेक महाविद्यालयांत पत्रकारिता हा बी.ए.चा एक ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो. तेथे २०२१-२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीची रचना आली होती. २०२४-२५ पासून राज्य पुन्हा तीन वर्षांवर आले. गोवा विद्यापीठाने मात्र २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची रचना स्वीकारली. सीमेच्या दोन्ही बाजूंस नातेवाईक असलेल्या विद्यार्थ्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी हा फरक नीट पाहून घ्यावा. एका वर्षाचा खर्च ही लहान बाब नव्हे.

आता धड्यांकडे वळू. समजा, एके दिवशी वर्तमानपत्रात असा मथळा आला : 'सुर्ला येथे पाणी गढूळ, ग्रामस्थ संतप्त'. मथळा आमचा, केवळ उदाहरणादाखल घेतलेला आहे. या पाच-सहा शब्दांवर माध्यमांच्या विद्यार्थ्याने कोणते प्रश्न विचारावेत?

धडा पहिला : कुठे?

पहिलाच प्रश्न असा की, सुर्ला म्हणजे कोणते सुर्ला? गोव्यात या नावाची दोन गावे आहेत. एक डिचोली तालुक्यात, लोहखनिजाच्या पट्ट्यातले. दुसरे सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या माथ्याकडे, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेले. पहिल्या गावात पाणी गढूळ झाले तर वाचकाच्या मनात प्रथम खाण येईल. दुसऱ्या गावात झाले तर डोंगर, जंगल आणि म्हादई नदीचा वाद आठवेल. कारणे वेगळी, जबाबदार खाती वेगळी, आणि संतप्त होणारे ग्रामस्थही वेगळे. तालुक्याचे नाव गाळले की बातमी खोटी होत नाही, परंतु ती निरुपयोगी होते. कधी कधी ती खोटीहून घातक ठरते, कारण वाचक आपल्या मनातले सुर्ला तिच्यात भरतो.

पत्रकारितेच्या पहिल्या वर्षी कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसे हे सहा प्रश्न शिकवतात. ऐकताना ते बालवाडीचे वाटतात. परंतु 'कुठे' या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी नकाशा पाहावा लागतो, पंचायतीत विचारावे लागते आणि प्रसंगी गाडी काढून जावे लागते. आज मोबाईलवर एखादे चित्र फिरते. ते कोणत्या गावाचे, कोणत्या वर्षाचे, हे कोणी सांगत नाही. पाच वर्षांपूर्वीच्या पुराचे चित्र कालचे म्हणून पाहणाऱ्यांत सुशिक्षितही असतात. म्हणून हा पहिला धडा जुना असला तरी तो आज अधिक कठीण झाला आहे.

धडा दुसरा : आकडा कोणाचा?

आता सत्तरीच्या सुर्ल्याकडून निघालेली वाट आपल्याला थेट एका मोठ्या आंतरराज्य वादात घेऊन जाते. कळसा, हळतरा आणि सुर्ला या नाल्यांची नावे म्हादईच्या पाणीवाटपाच्या चर्चेत सतत आली आहेत. ही नदी गोव्यात पुढे मांडवी होते. तिच्या पाण्याच्या वाटपासाठी केंद्र सरकारने २०१० साली लवाद नेमला आणि त्याचा निवाडा १४ ऑगस्ट २०१८ रोजी आला. त्यानुसार गोव्यास २४, कर्नाटकास १३.४२ आणि महाराष्ट्रास १.३३ टीएमसी पाणी मंजूर झाले. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी.

येथे विद्यार्थ्याने पेन्सिल हाती घ्यावी. कर्नाटकाच्या १३.४२ पैकी ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहे. उरलेल्या ५.४० पैकी १.५० टीएमसी खोऱ्यातल्याच वापरासाठी. खोऱ्याबाहेर मलप्रभेकडे वळवावयाचे पाणी ३.९० टीएमसी : कळसा नाल्यावरून १.७२ आणि भांडुरा नाल्यावरून २.१८. आता दोन मथळे कल्पून पाहा. एक म्हणतो, 'कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी'. दुसरा म्हणतो, 'केवळ ३.९० टीएमसी वळवण्यास परवानगी'. दोन्ही खरे आहेत. पहिला वाचून गोव्यातला वाचक घाबरेल आणि धारवाडकडचा सुखावेल. दुसरा वाचून नेमके उलटे होईल. एकही आकडा खोटा न देता वाचकाला दोन विरुद्ध दिशांना नेता येते, ही गोष्ट माध्यमांच्या विद्यार्थ्याने मनावर कोरून ठेवावी.

आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे नवीन नाही. ढोबळ नफा आणि निव्वळ नफा यांतला फरक आम्ही पहिल्या वर्षीच शिकतो. एखादा दुकानदार ढोबळ नफ्यावर आपला संसार बेतू लागला तर त्याचे दिवाळे निघेल. वार्ताहराने ढोबळ आकड्यावर मथळा बेतला तर दिवाळे वाचकाच्या समजुतीचे निघते. म्हणून प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारावेत : हा कोणी दिला, यात काय काय मिळवले आहे, आणि हा कशाशी ताडून पाहावयाचा? या निवाड्यावर राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, हे चौथे वाक्यही बातमीत हवे. ते नसेल तर वाचकास वाटेल की प्रकरण मिटले.

धडा तिसरा : पैसा कोणाचा?

आता डिचोलीच्या सुर्ल्याकडे येऊ. या तालुक्यात खनिजाने कित्येक घरांना रोजगार दिला. ट्रक घेण्यासाठी कर्जे काढली गेली. मांडवीकाठच्या धक्क्यांवरून बार्जांत भरलेले खनिज मुरगाव बंदराकडे जाऊ लागले. त्याच खनिजाने धूळ दिली, आणि पावसाळ्यात मातीच्या ढिगांवरून येणारा गाळ शेतांत उतरला. सप्टेंबर २०१२ मध्ये शाह आयोगाचा अहवाल संसदेत आला आणि गोवा सरकारने खाणी थांबवल्या. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यास काम पुन्हा थांबले. डिसेंबर २०२२ पासून खाणपट्टे लिलावाने देण्यास आरंभ झाला.

या सर्व काळात एकाच गावात, किंबहुना एकाच घरात, दोन बातम्या राहत होत्या. ज्या भावाचा ट्रक दारात उभा होता त्याच्या दृष्टीने बातमी होती, हप्ते कसे फेडावयाचे. ज्या भावाचे शेत गाळाने भरले होते त्याच्या दृष्टीने बातमी होती, यंदा पेरणी होईल की नाही. यांपैकी कोणती बातमी पहिल्या पानावर यावी? येथे केवळ लेखनकौशल्य कामास येत नाही. वर्तमानपत्र कोण चालवतो, हे पाहावे लागते.

गोव्याच्या मुक्तीनंतर 'गोमन्तक' हे मराठी दैनिक १९६२ साली चौगुले उद्योगसमूहाने काढले. 'नवहिंद टाइम्स' १९६३ साली आणि 'नवप्रभा' १९७० साली धेंपे समूहाने काढले. दोन्ही घराणी खाण व्यवसायातील. यात निंदेचे काही नाही. वृत्तपत्र काढावयास यंत्र, कागद आणि भांडवल लागते, आणि त्या काळच्या गोव्यात भांडवल मुख्यत्वे खाणींतूनच उभे राहिले होते. त्याच दैनिकांनी गोव्यात मराठी लेखकांची आणि वाचकांची एक पिढी घडवली, हेही तितकेच खरे. पुढे धेंपे समूहाने आपला खाण व्यवसाय २००९ साली विकला आणि 'गोमन्तक' 'सकाळ' समूहाकडे गेला. मालकी बदलते, परंतु प्रश्न बदलत नाही : ज्याच्या पैशावर पत्र चालते त्याच्याविषयी ते पत्र काय लिहिते आणि काय लिहीत नाही?

हा प्रश्न मालकापुरताच नाही. वर्तमानपत्राचा अंक आपण ज्या किमतीस घेतो तीत बहुधा त्याचा उत्पादनखर्चही निघत नाही. तूट जाहिरातीने भरून निघते. म्हणजे वृत्तपत्र दोन वस्तू विकते : वाचकाला बातमी आणि जाहिरातदाराला वाचक. खपाचे आकडे तपासण्यासाठी 'ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स' ही संस्था १९४८ पासून आहे, ती याच दुसऱ्या व्यवहारासाठी. सरकार हाही मोठा जाहिरातदार आहे, हे विसरू नये. मोबाईलवर बातमी फुकट मिळते असे आपण म्हणतो, तेव्हा पहिली वस्तू बिनमोल झाली आणि दुसरी तेवढी उरली, इतकाच त्याचा अर्थ. माध्यमांच्या पदवीत अर्थकारणाचा पेपर असतो आणि पुष्कळ विद्यार्थी तो कंटाळवाणा म्हणून मागे ठेवतात. आमच्या मते तोच पेपर प्रथम वाचावा.

धडा चौथा : भाषा कोणाची?

ज्या नियतकालिकात मराठी आणि कन्नड विभाग शेजारी शेजारी बांधले जातात, त्याच्या वाचकांसाठी हा धडा सर्वांत जवळचा आहे.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. जांभेकर मूळचे सिंधुदुर्गातील पोंभुर्ल्याचे, आणि त्यांना अवगत असलेल्या भाषांत कानडीही होती. कन्नडमधील पहिले वृत्तपत्र 'मंगळूर समाचार' हर्मन मोग्लिंग या जर्मन मिशनऱ्याने १ जुलै १८४३ रोजी सुरू केले. मराठीचा पत्रकार दिन ६ जानेवारीस आणि कन्नडचा १ जुलैस साजरा होतो. दोन्ही भाषांची वृत्तपत्रे अशा माणसांनी सुरू केली, ज्यांना एकाहून अधिक भाषांत विचार करता येत होता. हा निव्वळ योगायोग नव्हे. दुसऱ्या भाषेत काय लिहिले जाते ते ज्यास कळते, त्यालाच आपल्या भाषेत काय लिहिले जात नाही ते दिसते.

म्हादईचेच पाहा. मराठी पत्रे 'म्हादई' आणि 'कळसा-भांडुरा' लिहितात. कन्नड पत्रे 'महदायी' आणि 'कळसा-बंडूरी' लिहितात. एकीकडे शब्द आहे पाणी 'पळवणे', दुसरीकडे आहे 'हक्काचे पिण्याचे पाणी'. जो एकच भाषा वाचतो त्याला आपला शब्द हा शब्द वाटत नाही, वस्तुस्थिती वाटते.

भाषांतराची फसगत तर याहून बारीक असते. मराठीत 'अनुमान' म्हणजे पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष. कन्नडमध्ये तोच शब्द सर्रास 'संशय' या अर्थाने वापरतात. कन्नड बातमीत पोलिसांचे एखाद्यावर 'अनुमान' असेल आणि मराठी उपसंपादकाने तो शब्द तसाच उचलला, तर पोलिसांच्या संशयाचा पोलिसांचा निष्कर्ष होऊन बसेल. एका शब्दाने एका माणसाची अब्रू जाऊ शकते. 'अवसर' मराठीत संधी, कन्नडमध्ये घाई. दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे असे शब्द हे शेजारी भाषांतील खड्डे होत. ते घरी दोन्ही भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्यासच आधी दिसतात.

भाषा आणि माध्यम यांचे नाते किती खोल जाते, हे गोव्याने दोनदा पाहिले. पोर्तुगीज राजवटीत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी होती. तेव्हा २५ नोव्हेंबर १९५५ पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून, प्रथम आंबोली आणि मग कॅसल रॉक येथून, गुप्त आकाशवाणी चालवली. ती पोर्तुगीज आणि कोकणी या दोन भाषांत असे : एक राज्यकर्त्यांसाठी, दुसरी लोकांसाठी. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. दुसरा प्रसंग १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचा. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, या प्रश्नावर मराठी 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, तर मराठीतच निघणारे 'राष्ट्रमत' विरोधात उभे होते. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. भाषा एक असली म्हणून मत एक असते असे नाही, हे या दोन मराठी दैनिकांनी दाखवून दिले. माध्यमांच्या विद्यार्थ्याने त्या महिन्यांचे दोन्ही पत्रांचे अंक ग्रंथालयात समोरासमोर ठेवून वाचावेत. एका सत्राच्या अभ्यासाइतके शिक्षण त्यातून मिळेल.

मग पदवी घ्यावी काय?

आता मूळ प्रश्न. हे चार धडे पदवीवाचून शिकता येणार नाहीत काय? येतील. जुन्या पिढीतील पुष्कळ संपादक तसेच शिकले. मग पदवी कशासाठी? शिस्तीसाठी. बदनामीचा कायदा, न्यायालयाचा अवमान, वृत्तपत्र नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन मार्च २०२४ पासून लागू झालेला नवा कायदा, ध्वनिमुद्रण, संपादन, मुद्रणकला या गोष्टी योगायोगाने शिकण्यात दहा वर्षे जातात. पदवी ती तीन-चार वर्षांत देते. परंतु विषय पदवी देत नाही. विषय गावातून आणावा लागतो.

आपल्या पट्ट्यातील विद्यार्थ्याला वाटते की, मराठी किंवा कन्नड माध्यमातून शिकल्यामुळे आपण या क्षेत्रात मागे पडू. नोकरीच्या पहिल्या दिवशी हे कदाचित खरेही असेल. इंग्रजी शिकावीच लागेल, त्यात सूट नाही. परंतु सुर्ल्याच्या ग्रामसभेत कोण काय बोलले आणि कोण गप्प राहिले, हे इंग्रजीतून कळत नाही. शहरातून आलेला वार्ताहर तेथे दुभाष्या घेऊन बसतो. आपल्याला दुभाष्या लागत नाही. हे भांडवल लहान नाही. ते हिशेबात धरावयास मात्र शिकले पाहिजे.

दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. ग्रामीण वार्ताहराचे मानधन तुटपुंजे असते आणि अनेकांना दुसरा धंदा सांभाळून हे काम करावे लागते. ज्याला त्याच गावात राहावयाचे आहे, त्याला उद्या ट्रकवाला भाऊ आणि शेतकरी भाऊ या दोघांच्याही दारावरून जावे लागते. शहरातला संपादक या दाराची किंमत जाणत नाही. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी घरच्यांशी बसून शुल्क, वसतिगृह, वर्षे आणि पहिल्या नोकरीचे संभाव्य वेतन यांचा ताळेबंद कागदावर मांडावा. बी.कॉम. पूर्ण करून मग पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी घेण्याचाही मार्ग आहे. ताळेबंद वाचता येणारा वार्ताहर कोणत्याही वृत्तपत्रास हवाच असतो.

ज्यांचा विचार अद्याप पक्का नाही, त्यांनी सहा महिने चार गोष्टी करून पाहाव्यात. रोज एक मराठी आणि एक कन्नड वर्तमानपत्र वाचून एकाच घटनेच्या दोन बातम्या वहीत शेजारी चिकटवाव्यात. आपल्या पंचायतीच्या ग्रामसभेस जाऊन तीनशे शब्दांचा वृत्तान्त लिहावा आणि त्यात स्वतःचे मत एका शब्दानेही येऊ देऊ नये. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली एक अर्ज करून पाहावा. तीस दिवसांत उत्तर द्यावे असा नियम आहे. उत्तर काय येते आणि ते कसे लिहिलेले असते, हे वाचणे हाच एक पाठ आहे. आणि ज्याच्याशी आपले पटत नाही, अशा एका माणसाची बाजू त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत लिहून त्याला वाचून दाखवावी.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. ती ज्याला करावीशी वाटते, त्याने माध्यमांच्या पदवीचा अर्ज खुशाल भरावा. ज्याला ती नकोशी वाटते त्याने बोलके असूनही दुसरी शाखा घेतलेली बरी.